अडतिसाव्या वर्षी आर्किटेक्ट : जेफ्री बावाचा दाखला आणि आमच्या घरातला वाद

पहिलं_रेल्वे_गेट

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

माझी पुतणी इथल्याच, बेळगावच्या कोर्टात वकिली करते. वय एकोणतीस. गणपतीत सगळे जमलेले असताना तिने जाहीर केलं की वकिली सोडून आर्किटेक्चर शिकणार, आणि पुढे इमारतींपेक्षा बागा, आवारं, मोकळ्या जागा आखायचं काम करणार. दादा तेव्हापासून तिच्याशी "मीठ दे" याच्या पलीकडे बोललेले नाहीत. पण वकीलच ती, पुराव्याशिवाय बोलत नाही. तिने श्रीलंकेच्या जेफ्री बावाचं चरित्र आमच्यापुढे ठेवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९१९, कोलंबो. वडील नामांकित वकील, हा चार वर्षांचा असताना गेले. केंब्रिजला इंग्रजी साहित्य, मग लंडनला कायदा, १९४४ मध्ये बॅरिस्टर. परत येऊन कोलंबोत वकिली केली, जीव रमला नाही. १९४६ ला आई गेल्यावर सगळं सोडून जग फिरायला निघाला. इटलीत घर घेऊन राहायचा बेत होता, तो फसला. मग १९४८ मध्ये बेंटोटाजवळ तळ्याकाठची रबराची एक जुनी इस्टेट घेतली, लुनुगंगा. तिथे बाग करायला घेतली आणि लक्षात आलं की डोक्यात कल्पना आहेत पण त्या उतरवायचं तंत्र हातात नाही. म्हणून कोलंबोतल्या एका आर्किटेक्ट फर्ममध्ये उमेदवारी, मग लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनच्या शाळेत शिक्षण. १९५७ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, आर्किटेक्ट झाला. पुढे श्रीलंकेची संसद त्याने बांधली. २००१ मध्ये वास्तुकलेच्या आगाखान पुरस्काराचा खास सन्मान मिळाला, २००३ मध्ये गेला.

प्रश्न असा : हा दाखला आपल्या भागात चालतो का? की श्रीलंकेचं श्रीलंकेत?

करदंट_गोकाकचा

इस्टेट विकत घेणारा माणूस कुठल्याही वयात काहीही होऊ शकतो. पुढचा प्रश्न.

वळचण

मी याच धंद्यात आहे, ऑफिस शहरातच. पहिलं_रेल्वे_गेट, तुम्ही बावाच्या वयावर बोट ठेवलंत. मला त्याच्या आयुष्यातला क्रम जास्त महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे काय होतं? साईट घेतली, प्लॅन पास झाला, स्लॅब पडला, रंग झाला. मग उरलेल्या चार फुटांत माळ्याला बोलावून दोन क्रोटन आणि एक पाम. बावाचं उलटं झालं. आधी जमीन आली, मग ती जमीन कशी दिसावी याचं वेड आलं, आणि इमारत बांधायची विद्या तो त्या वेडापायी शिकला. त्यामुळे त्याच्या इमारतींतसुद्धा आधी वारा, उतार, पाणी आणि नजर कुठे जाते याचा विचार दिसतो, भिंती नंतर येतात.

लुनुगंगेत त्याने केलं ते बघा. घराच्या दक्षिणेला टेकाड होतं, त्याला सिनॅमन हिल म्हणतात. त्या टेकाडाने पलीकडचं तळं अडवलं होतं. त्याने माथा उतरवून घेतला, मधली झाडं काढली. आता घराच्या पायरीवर उभं राहिलं की हिरवळीवरून नजर टेकाडावर जाते, तिथे एका झाडाखाली एक मोठा रांजण ठेवलाय, तो नजर क्षणभर थांबवतो, मग पुढे तळं, आणि त्याच्याही पलीकडे दूरवरच्या देवळाचा पांढरा स्तूप. तो स्तूप त्याच्या हद्दीतला नाही! दुसऱ्याचं देऊळ त्याने आपल्या बागेत ओढून घेतलं. आणि गंमत म्हणजे घर आणि टेकाड यांच्यामधून लोकांच्या वहिवाटीचा रस्ता जातो. तो त्याने असा खोलगट घळीत ठेवलाय की घरातून दिसतच नाही.

या सगळ्यात फुलांचा वाफा कुठे आला? कुठेच नाही. लँडस्केप म्हणजे हे. आणि ते तो १९४८ पासून अगदी शेवटपर्यंत करत राहिला, मध्ये संसद बांधली तरी.

निपाणी_नाका

वळचण, छान लिहिलंत. पण जरा जमिनीवर येऊया. मोठा भाऊ बेव्हिस, हा जेफ्रीहून दहा वर्षांनी मोठा, ब्रिटिश गव्हर्नरांचा एडीसी, म्हणजे खास लष्करी मदतनीस होता, आणि त्याने जेफ्रीच्या कितीतरी आधी घरच्या रबराच्या जमिनीवर 'ब्रीफ गार्डन' नावाची बाग केलेली. कोलंबोतल्या राहत्या घरात गॅरेजमध्ये जुनी रोल्स रॉइस. शिकायला केंब्रिज, मन रमेना म्हणून जगप्रवास. आमच्याकडे तंबाखूच्या वखारीत मन रमलं नाही तर माणूस फार तर संकेश्वरपर्यंत जातो आणि संध्याकाळी परत येतो.

मुलीला स्वप्न बघू द्या, पण चरित्रातला पैशाचा रकाना झाकून ठेवू नका.

करदंट_गोकाकचा

मी वर एका ओळीत हेच सांगितलं होतं. माझ्या ओळीला कुणी छान म्हटलं नाही.

कणकुंबीचा_पाऊस

बावाचं घराणं राहू दे बाजूला. माझ्या कामाची गोष्ट छप्पर आहे.

आमचं गाव मलप्रभेच्या उगमाजवळ. पाऊस कसा असतो ते बेळगावकरांना पण कळणार नाही, आभाळ फाटून तीन महिने बंदच होत नाही. जुनं घर नळीच्या कौलांचं होतं. माकडं वर नाचली की कौल सरकतं, आणि घरात बादल्या ठेवायचं काम पोरांचं. मग मंगळुरी कौलं आली, तीही माकडं उचलून टाकतात. शेवटी सगळ्यांनी पत्रे मारले. पत्र्याखाली एप्रिलमध्ये बसून दाखवा, आणि जुलैत टीव्हीचा आवाज ऐकून दाखवा.

बावाची माणसं काय करत? खाली सिमेंटचे नागमोडी पत्रे, आणि त्या नागमोडीतच वर नळीची कौलं लावून टाकत. पाणी अडवायचं काम पत्र्याचं, ऊन आणि आवाज अडवायचं काम कौलाचं. रिपांचं लाकूडही वाचतं. त्यांचा पाऊस आपल्यासारखाच, कौल पण आपल्यासारखंच, मग हे आपल्याला का सुचलं नाही?

गवंड्याचा_पोर

सुचलंय की. जांबोटी बाजूला दोन-तीन फार्महाऊसवर आम्ही केलंय. फरक एवढाच की जुने ॲसबेस्टॉसचे पत्रे आता वापरू नका, ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला वाईट. आम्ही पावडर कोटिंगचे पत्रे घातले आणि वर कौल. उतार कमी ठेवला तर मात्र कौल घसरत नाही पण पाणी मागं फिरतं, तेव्हा उतारात कंजूषपणा करू नका. वळचणीला पन्हळ नको, पाणी सरळ चरात पडू दे. पन्हळीत पालापाचोळा अडकतो आणि मग ती भरून भिंतीत पाणी मुरतं.

कौल खानापूरचं मिळतं. माती चांगली म्हणून तर तिथं सरकारी कुंभारकाम संस्था आहे. पण नळीचं कौल करणारे हात कमी झालेत. जुनं घर पाडताना लोक कौलं फोडून भरावात टाकालेत, ते बघून जीव जळतो.

परडंवाली

मला इमारतीतलं कळत नाही, पण चाफ्याचं सांगते. बावाच्या बागेतल्या देवचाफ्याच्या फांद्या अशा जमिनीलगत आडव्या पसरलेल्या आहेत की बघतच राहावं. कोवळेपणी फांद्यांना वजनं टांगून त्या हव्या तशा वाकवत नेल्या म्हणे. मी हे वाचल्यावर आमच्या परड्यातल्या चाफ्याला विटा बांधल्या. सासूबाई म्हणाल्या, झाडाला फाशी देऊलीस काय?

फांद्या वाकल्या आहेत बरं का थोड्या. विटा अजून लटकतात. दूधवाला रोज विचारतो.

निपाणी_नाका

परडंवाली अक्का, फोटो टाका! हा धागा त्याशिवाय पुरा होणार नाही.

बेकरवादी

बावा म्हटलं की सगळे हरखून जातात, आणि लॉरी बेकर कुणाला आठवत नाही. बर्मिंगहॅमचा इंग्रज माणूस, १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांच्या कामासाठी भारतात आला आणि इथलाच झाला. आधी पिथोरागड, मग केरळ. स्वतः भट्टीवर जाऊन विटा निवडायचा, रॅट-ट्रॅप बाँडने भिंत रचायचा. म्हणजे विटा उभ्या लावून मध्ये पोकळी सोडायची, विटा कमी लागतात आणि घर गार राहतं. गरिबाला परवडेल असं घर त्याने बांधलं. बावाने काय बांधलं? हॉटेलं. बेंटोटा बीच, अहुंगल्ला, कंदलमा, गॉलचं लाइटहाऊस. डॉलर घेऊन येणाऱ्यांसाठी 'देशी' सौंदर्य.

पुतणीला दाखला द्यायचाच तर बेकरचा द्यावा.

वळचण

बेकरवादी, बेकर माझाही लाडका. पण बावाला हॉटेलवाला म्हणून निकालात काढू नका. हनवेल्लाला नन चालवत असलेली शेतीशाळा त्याने केली, बंडारवेलाला कॉन्व्हेंटचं छोटं चॅपेल केलं, मातरला रुहुणा विद्यापीठाचा अख्खा परिसर केला. तीन टेकड्यांवर पसरलेला, समुद्राकडे तोंड. विद्यापीठात डॉलरवाले शिकत नाहीत.

दुसरं, तो एकटा नव्हता. डॅनिश आर्किटेक्ट उलरिक प्लेस्नर १९५९ पासून काही वर्षं बरोबरीने होता. पोलॉन्तलावला दोघांनी मोठमोठ्या नैसर्गिक शिळांच्या मध्येच बंगला बसवला, शिळा फोडल्या नाहीत, शिळेवरच छप्पर टेकवलं. बाटिक करणारी एना डी सिल्व्हा, विणकामवाली बार्बरा सॅन्सोनी, चित्रकार-शिल्पकार लकी सेनानायके. आणि हिशेब जुळवणारा इंजिनिअर पूलोगसुंदरम. बावा रेघ मारणार आणि ती उभी राहील कशी हे तो बघणार. बेळगावात असा इंजिनिअर मिळाला तर मी त्याला रोज कुंदा खायला घालीन.

करदंट_गोकाकचा

करदंट का नाही?

हलग्याचा_शेतकरी

संसदेचा विषय निघालाच आहे. कोलंबोजवळ कोट्टेला दलदल उपसून तळं केलं आणि मधल्या बेटावर बावाने संसद बसवली, असं ऐकलं. आपल्याकडे २०१२ मध्ये सुवर्णसौध, कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत, झाली, तीही एवढी मोठी. तिथे अधिवेशन वर्षातून एकदा, तेही...

धागा_व्यवस्थापक

सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तो ओसंडून वाहतोय. इथे आर्किटेक्चरपुरतं बोलावं ही विनंती. हलग्याचा_शेतकरी, तुमचं वाक्य अर्धवट आहे ते तसंच राहू द्या.

हलग्याचा_शेतकरी

बरं. आर्किटेक्चरपुरतंच. मी वीज दुरुस्तीच्या कामाने आत-बाहेर फिरलोय. तिथून महामार्ग दिसतो, आणि महामार्गावरून ती दिसते. दुरून बघण्यासाठीच ती केलीय. आता कोट्टेचं कुणीतरी सांगा, राजकारण वगळून.

वळचण

राजकारण वगळून म्हणजे अर्धी गोष्ट वगळून, पण प्रयत्न करतो. १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी बावाला काम दिलं, १९८२ मध्ये संसद भरली. बांधकाम जपानी कंपनीकडे, म्हणून वेळ पाळली गेली. दियवन्ना ओयाची दलदल उपसून तळं केलं. मधल्या उंचवट्यावर एक मोठी इमारत आणि भोवती लहान मंडप, सगळ्यांवर उतरती तांब्याची छपरं. लांबून बघितलं तर पाण्यात उभ्या असलेल्या देवळाच्या समूहासारखी दिसते. घुमट नाही, खांबांची रांग छाती काढून उभी नाही. पाण्याकडून यावं लागतं, त्यामुळे जवळ जाईपर्यंत ती तुमच्यावर चालून येत नाही.

माझं मत : तीही राजवाड्याचाच थाट आहे, फक्त नम्र कपड्यांतला. पण तळं आधी आणि इमारत मग, हे तिथेही आहे.

लालबागवाला

बेळगाव सोडून बंगळुरात स्थायिक, त्यामुळे माझ्याकडे दुसरा दाखला. गुस्ताव क्रुंबिगल. ड्रेस्डेनजवळचा जर्मन, जन्म १८६५. लंडनच्या क्यू बागेत तयार झाला, १८९३ मध्ये सयाजीरावांच्या बडोद्यात आला, आणि १९०८ च्या सुमारास म्हैसूर संस्थानात. बंगळुरातल्या लालबाग या सरकारी बागेचा प्रमुख झाला. इमारतींच्या कामातही महाराज त्याचा सल्ला घेत. बंगळुरात रस्त्याकडेची झाडं त्याने अशी निवडली की एकाचा बहर संपला की दुसऱ्याचा सुरू, वर्षभर कुठे ना कुठे फुलं. १९५६ मध्ये बंगळुरातच गेला. आज आम्ही जानेवारीत गुलाबी झाडांचे फोटो टाकतो, त्यामागे त्या परंपरेचा हात आहे.

सांगायचा मुद्दा, तो काही इस्टेटवाला नव्हता. माळीकामाचं रीतसर शिक्षण घेतलेला नोकरदार होता. निपाणी_नाका यांचा पैशाचा रकाना इथे भरता येईल.

निपाणी_नाका

भरला. आता मला क्रुंबिगल आवडला.

सदाशिवनगरी

चर्चा फार वरून चाललीय. आमची साईट तीस बाय चाळीस फुटांची. चारी बाजूंनी सोडायची जागा सोडली, गाडी लावली, बोअरवेल मारली, टाकी बसवली. लँडस्केपला जागा कुठे आहे? तुळशीवृंदावन गाडीच्या बॉनेटला लागतं. सून म्हणते पेव्हर काढून माती करूया. मुलगा म्हणतो चिखल कोण धुणार.

वळचण

एना डी सिल्व्हाचं घर बघा, १९६२ च्या आसपास पुरं झालं. भर कोलंबोत. बाहेरून भिंत, आणि आत चौक, चौकात झाड, चौकाभोवती पडवी. आपले जुने वाडे दुसरं काय होते? शहापूरला जुन्या पेठेतल्या घरांत जा. पुढे सोपा, मध्ये चौक, मग माजघर, मागे परडं. रस्त्यावरून कळत नाही आत एवढा उजेड आहे. आपण ते मोडून चारी बाजूंनी तीन-तीन फुटांची बोळं सोडतो, जिथे ना ऊन येतं ना माणूस, फक्त जुन्या फरशा आणि मांजर. नियमाने सोडायचं ते सोडावंच लागतं, पण घराच्या पोटात आठ बाय आठचा उघडा चौक तीस-चाळीसमध्येही बसतो. मी बसवलाय.

ते एना डी सिल्व्हाचं घर जागा विकली गेली तेव्हा पाडलं नाही. सुटं करून, नंबर घालून, लुनुगंगेत नेऊन पुन्हा उभं केलं.

गवंड्याचा_पोर

आठ बाय आठचा चौक आम्ही अनगोळला केला. पहिल्या पावसात घरातल्या सगळ्यांनी शिव्या घातल्या, झड आत येते म्हणून. मग वळचण अडीच फूट बाहेर काढली, तेव्हा थांबलं. माकडांसाठी जाळी, डासांसाठी आणखी एक बारीक जाळी. आता आजी दिवसभर तिथंच बसालीय, उठवलं तर रागावतात.

कणकुंबीचा_पाऊस

माकडांवरून आठवलं. कंदलमा हॉटेलात पण पाहुण्यांना सांगतात म्हणे, खिडक्या बंद ठेवा, माकडं आत येतात. मग आमचं घर जागतिक दर्जाचं झालं की.

बेकरवादी

कंदलमाची गोष्ट पूर्ण सांगा मग. मालकाला हॉटेल सिगिरियाच्या प्राचीन खडकाच्या पायथ्याशी हवं होतं. बावा म्हणाला तिथे नको, आणि दूर कंदलमाच्या प्राचीन तलावाकाठी कड्याची जागा सुचवली. त्यावर पर्यावरणवाले आणि भिक्खू दोघेही चिडले. दऱ्याखोऱ्यांत काँक्रीट कशाला, तलावाचं पाणी खराब होईल. आंदोलनं झाली. तरीही १९९४ मध्ये हॉटेल उघडलं. जवळजवळ एक किलोमीटर लांब इमारत! तुम्ही लोक त्यावर फक्त 'वा' म्हणता.

वळचण

वा नाही म्हणत. पण ती खांबांवर उचललेली आहे, खडक खालून तसाच वाहत जातो, काही ठिकाणी खडक सरळ व्हरांड्यात शिरलाय. दर्शनी भागावर वेली चढवण्यासाठी चौकटी आधीच ठेवल्या होत्या. आज तलावाच्या पलीकडून पाहिलं तर इमारत शोधावी लागते. पंच्याहत्तरी गाठलेल्या माणसाने, आयुष्यभर नाव कमावल्यावर, न दिसणारी इमारत बांधली. आपल्याकडे पहिलं घर बांधणारा पोरगा म्हणतो, सर, एलेव्हेशन (दर्शनी बाजू) असं करा की वळून बघितलं पाहिजे.

आंदोलन करणाऱ्यांचा मुद्दा मी खोटा म्हणत नाही. त्यांच्या धाकामुळेच सांडपाण्याची व्यवस्था नीट झाली असणार, असं मला वाटतं.

परडंवाली

फोटो टाकलाय. विटांकडे लक्ष देऊ नका, मागची जास्वंद बघा.

निपाणी_नाका

अक्का, झाडाला खरंच फाशी दिल्यासारखं दिसतंय. पण आकार येतोय.

जुना_वकील

पुतणीच्या बाजूने दोन शब्द. वकिलीची वर्षं वाया जातात असं समजू नका. बेळगाव-खानापुरात जमिनीच्या कामात निम्मं डोकं उताऱ्यात, हद्दीत आणि वहिवाटीत जातं. कुणाच्या शेतातून कुणाची पाऊलवाट आहे, ओढा कुणाचा, झाड कुणाचं. वर वळचण यांनी त्या घळीतल्या रस्त्याचं सांगितलं, ते मला वकील म्हणून फार आवडलं. वाट बंद केली असती तर दावा झाला असता. त्याने वाट लोकांना ठेवली आणि आपल्या डोळ्यांपुरती नाहीशी केली. असं तडजोडीचं कलम लिहायला मला कधी जमलं नाही.

टेबलामागचा

एवढ्या वेळ कुणी मूळ प्रश्नाचं व्यवहारी उत्तर दिलेलं नाही, म्हणून लिहितो. मी आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना शिकवतो.

एक. वयाची अडचण नाही. माझ्या वर्गात तिशीतले लोक बसलेले आहेत आणि ते पोरांपेक्षा वेळेवर शीट देतात.

दोन, आणि हेच खरं : तिला पीयूसीला, म्हणजे बारावीला, गणित आणि भौतिकशास्त्र होतं का? आर्ट्‌स करून वकिलीकडे गेली असेल तर बी.आर्क.चं दार आत्ता बंद आहे, डिप्लोमाच्या वाटेने लांबून यावं लागेल. बावाला लंडनच्या शाळेत हा प्रश्न कुणी विचारला नसावा. विषय होते तर नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा द्यायची, मग पाच वर्षांचा कोर्स. १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, हे ती वकील असल्याने तिला सांगायला नकोच. लँडस्केपचं पदव्युत्तर शिक्षण साधारणपणे त्यानंतर.

तिसरं, कुणी बोललं नाही ते. बागा आणि परिसर याच तिच्या आवडीच्या गोष्टी असतील तर इमारतीच्याच वाटेने जायला हवं असं नाही. आपल्या जिल्ह्यातच अरभावीला बागायतशास्त्राचं कॉलेज आहे, तिथे फुलशेती आणि लँडस्केप हा स्वतंत्र विभाग आहे. पदवीच्या अटी तिथेही विज्ञानाच्याच, पण रोपवाटिकेत जाऊन त्या लोकांशी बोलायला अट लागत नाही. झाड ओळखता न येणारे लँडस्केपवाले मी खूप पाहिलेत. कागदावर हिरवे गोल काढतात आणि खाली 'वृक्ष' लिहितात.

सदाशिवनगरी

आमच्या आर्किटेक्टने पण हिरवे गोलच काढले होते. एका गोलात बोअरवेल निघाली.

निशाणी_क

नमस्कार. मीच ती पुतणी. काकांनी धागा काढलाय हे मला आत्तेकडून कळलं. काका, घरी बोलूच.

टेबलामागचा सर, पीयूसीला पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र) होतं. आईला डॉक्टर करायची होती, बाबांना वकील. गणितात बरे मार्क आहेत.

निपाणी_नाका आणि करदंट यांना : पैशाचा रकाना मी झाकला नव्हता, काकांनी सांगताना गाळला. माझ्याकडे इस्टेट नाही हे मला ठाऊक आहे. पण बावाच्या चरित्रातला मला पटलेला भाग पैशाचा नाहीच. मी जागेच्या वादांचे नकाशे वर्षानुवर्षं बघतेय. कोर्टाने नेमलेला कमिशनर जागेवर जातो, साखळी टाकतो, झाड, विहीर, बांध लिहून आणतो. त्या कागदावर विहीर हे एक वर्तुळ असतं. मी एकदा कडोलीजवळ प्रत्यक्ष जागेवर गेले तर त्या विहिरीवर वडाची सावली, उतरायला जांभ्याच्या पायऱ्या, आणि दोन्ही पक्षांच्या बायका तिथे एकत्र कपडे धूत होत्या. दाव्यात यातलं काहीच नव्हतं. तेव्हापासून मला ती जागा कशी राखावी याचा विचार जास्त येतो, कुणाची आहे याचा कमी. हे वकिलाने बोलायचं वाक्य नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

बेकरवादी, बेकरचंही वाचलंय. दोघांतलं एक निवडायची सक्ती आहे का?

बेकरवादी

सक्ती नाही. पण विटा उचलून बघायला या, गवंड्याचा_पोर यांच्या साईटवर.

गवंड्याचा_पोर

या की. टोपी आणि जुने बूट घालून या. जांबोटी रस्त्याला काम चालू आहे, चिऱ्याची भिंत चढालीय. फक्त पावसात येऊ नका, त्या दिवशी आम्हीच नसतो.

जुना_वकील

सनद लगेच परत करू नकोस ग बाई. आधी कोर्टाच्या सुट्टीच्या दिवसांत साईटवर जा. उन्हात उभी राहून बघ. मग परीक्षेला बस.

टेबलामागचा

पीसीएमबी असेल तर नाटाला बसता येईल. चित्र काढायचा सराव आजपासून. रोज एक घर, एक झाड, एक माणूस. माणूस सगळ्यात शेवटी जमतो. आणि वळचण यांच्या ऑफिसात उमेदवारीला जागा आहे का ते त्यांनी इथे सांगावं, एवढं छान लिहितात तर.

वळचण

जागा आहे. पगार सांगायची लाज वाटते, म्हणून व्यनि (खासगी निरोप) करतो.

करदंट_गोकाकचा

मी सुरुवातीलाच म्हटलं होतं. पुढचा प्रश्न.

पहिलं_रेल्वे_गेट

सगळ्यांचे आभार. घरी आज मोठी बैठक झाली. दादांनी हा धागा चष्मा लावून पहिल्यापासून वाचला, परडंवालींच्या विटांच्या फोटोवर बराच वेळ थांबले. मग मला विचारलं, "त्या बावाच्या वडिलांचं यावर काय म्हणणं होतं?"

म्हटलं, "तो चार वर्षांचा असतानाच ते गेले."

"तरीच," म्हणाले.

पण नाटाचा फॉर्म भरायला हरकत घेतलेली नाही. फी मीच भरतोय. आणि गवंड्याचा_पोर, शहापुरातल्या आमच्या जुन्या घराची नळीची कौलं उतरवायची आहेत, निम्मी तरी शाबूत असतील. फोडून टाकण्यापेक्षा कुणाला हवी असतील तर सांगा.

गवंड्याचा_पोर

हवीत! हात लावू नका, मी माणसं घेऊन येतो. व्यनि बघा.

कणकुंबीचा_पाऊस

अर्धी माझी. धाग्यात कौलाचा विषय मी काढलाय.